फीचर काढलं की गेममधून नेमकं काय जातं?

सप्टेंबर २०१४ मध्ये 'द सिम्स ४' हा माणसांचा घरसंसार चालवण्याचा गेम आला तेव्हा त्यात पोहण्याचा तलाव नव्हता. नुकती चालायला लागलेली, बोबडं बोलणारी मुलंही नव्हती. पाळण्यातलं बाळ मोठं झालं की थेट शाळेत जाणारं मूल व्हायचं, मधली वर्षं गायब. ज्यांनी सिम्स कधी खेळलेला नाही त्यांना यावरून झालेली ओरड कळतच नाही. माणसांच्या चेहऱ्यावरचे भाव आधीच्या भागापेक्षा खूप सुधारले होते, घर बांधणं सोपं झालं होतं. मग एका तलावावाचून काय अडलं?

अडलं ते असं. तलाव २००० सालच्या पहिल्या सिम्सपासून होता. घराचा आराखडा त्याच्याभोवती ठरायचा. पाहुणे आले की तिथे जमायचे. आणि पाण्यात उतरलेल्या माणसाची शिडी काढून घेतली तर त्याला बाहेर येता यायचं नाही, दमून तो बुडायचा. जुन्या खेळाडूंपैकी क्वचितच कुणी असेल ज्याने हे एकदा करून पाहिलं नाही. मेलेल्या माणसाचं भूत मग रात्री घरात फिरायचं. म्हणजे तलाव नावाचं एक फीचर घरबांधणीला, शेजारपाजाराला, मरणाला आणि भुताखेतांना जोडलेलं होतं. तलाव गेला तेव्हा हे सगळे धागे एकदम सुटले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये तलाव मोफत अपडेटमधून परत आला. लहान मुलं यायला जानेवारी २०१७ उजाडला. मधली दोन वर्षं 'घराण्याची गोष्ट', म्हणजे एकच कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या, खेळणाऱ्या लोकांच्या हातात आयुष्याचा एक तुकडा नसलेली माणसं होती.

मला या लेखात हेच धागे दाखवायचे आहेत. फीचर काढल्यावर गेममध्ये गुंगून जाणं का कमी होतं, गेम लवकर जुना का होतो, आणि काही वेळा नेमकं उलटं, म्हणजे कापल्यामुळेच गेम वर्षानुवर्षं लक्षात का राहतो, हे समजून घ्यायचं तर धाग्यांकडे बघावं लागतं.

तंद्री कशावर टिकते

फीचर म्हणजे इथे मी काय धरतोय ते आधी सांगतो. गेमच्या जगातला असा कोणताही नियम, ज्याच्या आधाराने खेळाडू काहीतरी करू शकतो किंवा ज्याचं त्याला भान ठेवावं लागतं: उडता येणं, पोहता येणं, भूक लागणं, बंदूक मध्येच अडकणं. ग्राफिक्स, संगीत, कथेची लांबी हे वेगळे विषय.

आता तंद्री. गेममध्ये हरवून जाणं, वेळेचं भान सुटणं. याचा संबंध पुष्कळ जण चित्राच्या खरेपणाशी लावतात. पण डोळ्यांना हुबेहूब वाटणारं जंगल थोड्याच वेळात सवयीचं होतं. तंद्री टिकते ती एका छोट्या संवादावर. खेळाडू जगाला मनातल्या मनात विचारतो, 'असं केलं तर?' आणि जग काहीतरी उत्तर देतं. उत्तर मनासारखंच असायला हवं असं नाही. दार फुटलं नाही, पण आवाज ऐकून पहारेकरी धावत आला, हेसुद्धा उत्तरच. अशी दहा-वीस उत्तरं मिळाली की खेळाडूचा त्या जगावर भरवसा बसतो. मग हातातल्या बटणांचा विचार थांबतो आणि भिंतीचा, अंधाराचा, पहारेकऱ्याच्या पावलांचा विचार सुरू होतो. गुंगून जाणं म्हणतात ते हेच.

गेमचं आयुष्यही इथूनच वाढतं. कथा एकदा कळली की कळली. पण 'हे अजून करून पाहिलं नाही' असं काहीतरी शिल्लक असेल तोवर माणूस परत येतो. फीचर काढणं म्हणजे अशा प्रश्नांच्या एका गठ्ठ्याला कायमचं 'नाही' म्हणणं. आणि चार-पाच वेळा भिंतीवर डोकं आपटलं की खेळाडू विचारायचंच सोडतो. हे नुकसान माझ्या मते सगळ्यात मोठं, कारण मग जे फीचर शिल्लक आहे तेही तो धुंडाळत नाही.

विसातलं एक काढलं तर

मग कापतात तरी का? आळस किंवा हाव हे उत्तर सोपं आहे आणि बहुतेक वेळा अन्यायाचं. जरा गणित करू. १० फीचर्स एकमेकांच्या संपर्कात येऊ शकत असतील तर त्यांच्या जोड्या होतात ४५. अकरावं आलं की ५५. २० असतील तर १९०. यातली प्रत्येक जोडी कुणीतरी बसून तपासायची असते. पोहताना बंदूक चालते का? अंगाला आग लागलेला माणूस पाण्यात पडला तर विझतो का? उडत असताना झोप लागली तर? तीन-तीनचे गट धरले तर २० फीचर्सचे ११४० गट होतात. माणसं ठरावीक, पैसा ठरावीक, तारीख जाहीर झालेली. कुठेतरी कात्री लागणारच.

पण याच आकड्याला दुसरी बाजू आहे. ज्या १९० जोड्या तपासणाऱ्याची झोप उडवतात, त्याच खेळाडूचा खजिना असतात. विसांतून एक फीचर काढलं तर कामाच्या यादीतून एक ओळ जाते. जोड्या मात्र १९ जातात. बैठकीत निर्णय घेणाऱ्याला ती एक ओळ दिसते, खेळाडूच्या वाट्याला ते एकोणीस येतात.

'डेअस एक्स' हे याचं चांगलं उदाहरण आहे. २००० सालच्या पहिल्या भागात वेगवेगळ्या बंदुकांना वेगवेगळ्या गोळ्या लागायच्या. पिस्तुलाच्या गोळ्या संपल्या पण शॉटगनच्या उरल्या आहेत, तर आता जवळ जाऊन लढायचं की मागच्या खिडकीतून सटकायचं, असा विचार करावा लागायचा. २००३ च्या 'इनव्हिजिबल वॉर'मध्ये सगळ्या शस्त्रांना एकच दारूगोळा केला. हिशेब सुटसुटीत झाला खरा. पण रॉकेट लाँचर दोनदा चालवला की पिस्तुलाच्याही गोळ्या कमी झालेल्या दिसायच्या, आणि साठा संपला की सगळ्या बंदुका एकाच वेळी मुक्या. कपाटं उघडून बघण्यातली ओढ कमी झाली, कारण सापडणार ते एकच. कोणतं शस्त्र सोबत ठेवायचं हा पेच सैल झाला. काढलं होतं फक्त 'गोळ्यांचे प्रकार'.

त्या भागात जागाही लहान लहान झाल्या. मूळ एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्राची मेमरी ६४ एमबी होती आणि गेम त्यावर चालायला हवा होता. मोठं बेट किंवा अख्खा मोहल्ला एका वेळी त्या मेमरीत बसवणं अवघड होतं. इथे मला डेव्हलपर्सचा राग येत नाही. पहिल्या भागातलं पोहण्याचं कौशल्यही या वेळी गेलं, आणि त्याच्यासाठी रडणारं कुणी मला भेटलेलं नाही. त्यावर गुण खर्च करावेत इतकं पाणीच त्या गेममध्ये नव्हतं. धागे नसलेलं फीचर असं निमूट जातं.

यादीत आहे, जगात नाही

कापण्याचा एक प्रकार असा आहे जो जाहिरातीत पकडता येत नाही, कारण फीचर नावापुरतं तिथेच असतं.

१९९८ च्या 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट'मध्ये खेळाडू चोर असतो आणि त्याच्याकडे दोराचा बाण असतो. नियम एकच: बाण लाकडात रुतला की दोर खाली सुटतो आणि त्यावरून चढता येतं. कुठलंही लाकूड चालतं. छताची तुळई, सज्जाची फळी, काहीही. त्यामुळे खोलीत शिरल्यावर खेळाडूची नजर आपोआप वर जायची. हे दगड आहे की लाकूड? तिथून पलीकडच्या गॅलरीत उतरता येईल का? चोराने घराकडे जसं बघावं तसं तो बघायला लागायचा. डेव्हलपरच्या मनातही नसलेल्या जागी लोक दोर बांधून वर जायचे.

२०१४ मध्ये 'थीफ' नव्याने आला. दोराचा बाण त्यातही आहे, फक्त तो ठरवून दिलेल्या जागीच लागतो. मनात येईल तिथे उडी मारणंही गेलं. उडी जिथे मारायची असते तिथेच पात्र ती मारतं. म्हणजे दोर आहे, बाण आहे, चढणं आहे. गेला तो नियम. आता खेळाडू लाकूड शोधत नाही, खूण शोधतो. नजर घरावरून निघाली आणि डेव्हलपरने ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर गेली. पहिल्या गेममध्ये तो चोर होता. दुसऱ्यात सूचना पाळणारा माणूस. दोन्हींच्या फीचर्सची यादी शेजारी ठेवली तर हा फरक दिसणार नाही.

उडणारे जादूगार आणि बाणाची खूण

'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेवर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण एकाच घराण्यात तीन पिढ्या कात्री कशी फिरली ते तिथे दिसतं. आणि माझा युक्तिवाद जिथे अडखळतो तेही तिथेच दिसतं.

२००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये जादूने हवेत तरंगता यायचं. या एका सोयीवर त्या जगातली एक अख्खी संस्कृती उभी होती. तेल्वानी नावाच्या जादूगारांचे बुरूज अवाढव्य अळंब्यांसारखे वाढवलेले, आणि मुख्य जादूगाराच्या दालनात जायला जिनाच नाही. आत एक उभी पोकळी. तरंगता येत असेल तर वर या, नाहीतर तुमच्याशी बोलण्यात आम्हाला रस नाही. त्या लोकांचा अहंकार कुणी संवादातून सांगण्याची गरजच पडायची नाही, जिना नसण्यातूनच तो कळायचा.

२००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये तरंगणं काढलं. कारण तांत्रिक होतं आणि समजण्यासारखं होतं. मोठी शहरं आता वेशीच्या आत स्वतंत्रपणे लोड व्हायची. तटावरून उडत कुणी आत उतरलं असतं तर खरं शहर तिथे नसतंच. जगाच्या कथेत कारण दिलं गेलं की कायद्याने तरंगण्यावर बंदी आहे. कायदा असेल तर तो मोडताही यायला हवा. इथे ते शक्य नव्हतं. त्या दिवसापासून शहराचा तट हा खेळाडूसाठी खऱ्या अर्थाने तट झाला, आणि बिनजिन्याचा बुरूज बांधण्याची वाट बंद झाली.

दुसरा बदल याहून खोल गेला असं मला वाटतं. 'मॉरोविंड'मध्ये काम सांगणारा माणूस रस्ताही सांगायचा: पूल ओलांडा, नदीच्या कडेने उत्तरेला जा, दोन खडकांच्या मधून डावीकडे वळा. हे सगळं लिखित असायचं आणि डायरीत नोंद व्हायची. कधी वर्णन चुकायचं, खेळाडू भरकटायचा, भलत्याच गुहेत शिरायचा. 'ऑब्लिव्हियन'मध्ये सगळ्या पात्रांना आवाज मिळाला आणि होकायंत्रावर जाण्याच्या जागेची खूण आली. आवाज द्यायचा तर प्रत्येक वाक्य रेकॉर्ड करावं लागतं, त्यामुळे बोलणं आटलं. खूण असताना रस्ता तोंडी सांगायचं कारणही उरलं नाही. 'मॉरोविंड' आवडणारे मित्र सांगतात, 'खूण बंद करून खेळ ना!' बंद करून बघितली. जायचं कुठे हेच कळत नाही, कारण त्या जगात आता कुणी वाट सांगतच नाही. म्हणजे एक फीचर आलं, त्याने दुसरं निमूट बाहेर ढकललं, आणि परतीचा रस्ताही पुसून टाकला.

इथपर्यंत सगळं माझ्या म्हणण्याला धरून आहे. पण मग २०११ चा 'स्कायरिम' येतो. 'मॉरोविंड'मध्ये कौशल्यं २७ होती, 'ऑब्लिव्हियन'मध्ये २१, 'स्कायरिम'मध्ये १८. ताकद, चपळता, बुद्धी असे आठ मूलभूत गुण होते, ते पूर्ण गेले. स्वतःची मंत्रजुळणी करायची सोय गेली. एवढं कापूनही 'स्कायरिम'च्या सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि तो आजही खेळला जातो. कापल्याने गेमचं आयुष्य घटतं म्हणावं तर हे कसं?

माझं उत्तर असं. गेलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच पात्राच्या तक्त्यावरच्या होत्या. आकडे वाढवायचे, बेरजा करायच्या. जगाला विचारायचे प्रश्न मात्र 'स्कायरिम'ने जपले. लांब दिसणाऱ्या डोंगरावर खरंच चढून जाता येतं. टेबलावरची वाटी उचलता येते. दुकानदाराच्या डोक्यावर टोपली पालथी घातली की त्याला दिसत नाही आणि डोळ्यांदेखत दुकान साफ करता येतं. वस्तू उचलता येणं आणि माणसांना नजर असणं या दोन नियमांची ती जोडी आहे, आणि लोक तिच्याबद्दल अजून प्रेमाने बोलतात. शिवाय फेब्रुवारी २०१२ मध्ये मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतः केलेले बदल, बनवण्याचं साधन खेळाडूंच्या हाती दिलं गेलं. त्यांनी काय केलं? भूक, थंडी, झोप असे नवे नियम बनवले. २०१७ मध्ये अधिकृत सर्व्हायव्हल मोडही आला. जगाशी जोडलेले धागे लोकांना आणखी हवे होते. तक्त्यातल्या आठ गुणांची आठवण त्या मानाने कमीच निघाली.

तेव्हा फीचर्स मोजून काही कळत नाही. काढलेलं फीचर जगाला चिकटलेलं होतं की कागदाला, हे बघावं लागतं.

अडथळा काढायचा की ठेवायचा

'फार क्राय २' (२००८) आणि 'फार क्राय ३' (२०१२) यांच्यामधली कात्री वेगळ्या जागी लागली. दुसऱ्या भागात नकाशा उघडला तर गेम थांबत नसे. पात्र खरोखर हातात कागद धरायचं, गाडी चालवताना मांडीवर. नकाशात डोकं घातलं की समोरून कुणी येतंय हे दिसायचं नाही. जुनी बंदूक ऐन वेळी अडकायची. पात्राला मलेरिया, गोळ्या घ्याव्या लागायच्या. तिसऱ्या भागात मलेरिया गेला, बंदुका अडकणं गेलं, नकाशा गेम थांबवून उघडणारा वेगळा पडदा झाला. तिसरा भाग खूप जास्त लोकांना आवडला आणि त्यात नवलही नाही, तो हाताला गोड लागतो.

तरी गेम बनवणारे लोक गप्पा मारायला बसले की विषय दुसऱ्या भागाचा निघतो. बंदूक अडकली, घाईत गवताला आग लागली, वारा आपल्याच दिशेचा निघाला, पळताना मलेरियाचा झटका आला: अशा गोष्टी कुणी लिहून ठेवलेल्या नसतात. तीन-चार वैतागवाणे नियम एकमेकांवर आदळले की त्या घडतात. वैताग काढला की त्याही जातात. पण दुसऱ्या भागाची बाजू मी आंधळेपणाने घेणार नाही. त्यातल्या रस्त्यावरच्या चौक्या साफ केल्या तरी थोड्या वेळाने जशाच्या तशा भरायच्या. तो अडथळा कुठलीच गोष्ट घडवत नव्हता. उलट 'मी इथे काही केलं तर फरक पडतो' हा भरवसाच मोडायचा. तो कापायला हवा होता. दोन्ही अडथळे चाचणीत सारखेच त्रासदायक वाटतात, म्हणूनच निवड कठीण.

कापणं जिथे फळलं

१९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये निसर्गाचं चक्र घडवायचा घाट घातला होता. गवत, गवत खाणारे प्राणी, त्यांना खाणारे शिकारी प्राणी. भक्ष्य कमी झालं तर शिकारी भुकेने गावाकडे वळणार. कागदावर हे इतकं सुंदर आहे की वाचूनच गेम खेळावासा वाटतो. प्रत्यक्षात हजारो खेळाडू आले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले. चक्र फिरायला प्राणी जगायला तर हवेत. शेवटी ती योजना काढून टाकली गेली. खेळाडूंनी तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता. ससा का आला, लांडगा का आला हे बघायला कुणी थांबलंच नाही. उत्तर देणारं यंत्र कितीही हुशार असो, ते खेळाडूच्या नजरेपर्यंत पोचत नसेल तर ते काढल्याने तंद्री मोडत नाही.

याहून सुंदर उदाहरण गेम डिझायनर फुमितो उएदा यांचं. 'इको' (२००१) बनवतानाच त्यांनी वजाबाकीची रीत धरली होती: मुलाने मुलीचा हात धरून किल्ल्यातून बाहेर पडायचं, या गोष्टीला जे मदत करत नाही ते काढायचं. पडद्यावर पात्राचा जीव किती उरला ते दाखवणारी पट्टीसुद्धा नाही. पुढच्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये (२००५) सुरुवातीला ४८ महाकाय प्राण्यांची कल्पना होती. त्याचे २४ झाले, शेवटी १६ उरले. गावं नाहीत, बाजार नाही, वाटेत किरकोळ शत्रू नाहीत. एक घोडा, एक तलवार, धनुष्य, आणि रिकामी, वाऱ्याने भरलेली भूमी.

मग तिथे तंद्री का लागते? कारण जे ठेवलं ते सगळीकडे खरं आहे. मुख्य नियम पकडीचा: केस, शेवाळ, कडा धरून चढायचं, आणि दम संपला की हात सुटतो. हा नियम राक्षसाच्या पाठीवर चालतो तसाच देवळाच्या भिंतीवरही चालतो. त्या प्रचंड देवळाकडे बघून कुणाच्या मनात येतं, 'यावर चढता येईल?' पहिल्या खेळात दम पुरत नाही. गेम पुन्हा पुन्हा पूर्ण केला, दम वाढत गेला, की एक दिवस माणूस वर पोचतो. तिथे एक बाग आहे. काहीही सांगितलेलं नसताना विचारलेल्या प्रश्नाला कुणीतरी आधीच उत्तर ठेवून गेलेलं असतं. प्राणी १६ च का, याची खंत तिथे उभं असताना वाटत नाही.

वेळही महत्त्वाची असते. लवकर कापलं तर उरलेलं जग त्याभोवती जुळवून घेतं. शेवटच्या महिन्यांत कापलं तर व्रण राहतो. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' हा डिसेंबर २००४ मध्ये घाईत बाहेर पडला. त्यात एचके-५० जातीच्या मारेकरी यंत्रमानवांचा कारखाना कुठेतरी आहे असं वारंवार कानावर येतं, आपला यंत्रमानव सोबती त्याच्या शोधात असतो, आणि कारखाना कधी येतच नाही. प्रश्न विचारायला गेमनेच शिकवलं, मग उत्तराची खोली कुलूपबंद. चाहत्यांनी डिस्कवर राहिलेले तुकडे शोधून, जोडून तो भाग वर्षानुवर्षांच्या कष्टाने परत उभा केला. 'मेटल गिअर सॉलिड ५' (२०१५) मध्येही एक मोठा धागा असाच लोंबकळतो. त्याचं अर्धवट प्रकरण, ५१ वं मिशन, खास आवृत्तीच्या डिस्कवर बघायला मिळालं.

'किती जण वापरतात?'

कापण्याच्या बैठकीत हा प्रश्न नेहमी निघतो, आणि आता खेळाडू काय करतो याची नोंद होत असल्याने उत्तर आकड्यात मिळतं. समजा गेममध्ये कुठल्याही खुर्चीवर बसता येतं आणि शंभरातले तीनच जण कधी बसतात. काढून टाका? पण उरलेल्या सत्त्याण्णवांपैकी कित्येकांना बसता येतं हे माहीत असतं. ते बसत नाहीत, तरी खुर्ची त्यांच्यासाठी खुर्ची असते. सोय काढली की ती खुर्चीच्या आकाराचा दगड होते. आणि ती एकदा दगड वाटली की शेजारचं टेबल, दार, माणूस यांच्याकडेही संशयाने बघितलं जातं. हा संशय कुठल्या नोंदीत दिसणार?

विक्रीच्या आकड्यातही तो दिसत नाही. 'पोकेमॉन स्वोर्ड' आणि 'शील्ड' (२०१९) मध्ये आधीच्या सगळ्या प्राण्यांना जागा मिळणार नाही, सुमारे ४०० च असतील, असं जाहीर झालं तेव्हा लोक चिडले, आणि गेम तरी कोट्यवधींनी विकला गेला. काही जणांनी यावरून चिडणाऱ्यांना वेड्यात काढलं. मला ते पटत नाही. २००२ च्या आसपासच्या 'रूबी' आणि 'सफायर'मध्ये पकडलेला प्राणी लोक एका यंत्रावरून दुसऱ्यावर, एका गेममधून पुढच्यात सांभाळत आणत होते. शाळेत असताना पकडलेला, नोकरी लागल्यावरही सोबत असलेला. तो नव्या गेममध्ये येऊच शकत नाही असं कळणं हे सतरा वर्षांचा धागा तुटणं होतं. नव्या खेळाडूचा तसा धागाच नव्हता, त्याला काही जाणवलं नाही. दोघंही खरं बोलत होते.

'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा त्यात गुन्हा केला की पोलीस पाठीमागे अचानक उगवायचे, अगदी निर्जन छतावरसुद्धा. गाडीतून पाठलाग नव्हता. त्यामुळे पाठ फिरवली की शहर अस्तित्वातच नाही असं वाटायचं. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने पाठलाग आणले आणि ते बरंचसं सुधारलं. पण मला जास्त आठवतो तो त्याच वर्षी डिसेंबरमधला २.१ अपडेट. शहरात मेट्रोची स्टेशनं पहिल्यापासून होती, पण ती फक्त एका जागेहून दुसरीकडे क्षणात जाण्याची ठिकाणं होती. गाडीत बसता यायचं नाही. ते इतकं खुपत होतं की एका चाहत्याने मेट्रोत बसण्याचा मॉड आधीच बनवला होता. २.१ मध्ये कंपनीने खरी मेट्रो दिली. तिने कुठलीच मोहीम सोपी होत नाही, लवकर तर मुळीच पोचता येत नाही. तरी लोक चढतात, खिडकीशी जागा धरतात, खाली दिव्यांचं शहर सरकत जाताना बघतात, आणि उतरायचं स्टेशन आलं तरी पुढच्या स्टेशनपर्यंत बसून राहतात.